मागच्या सीटवरचं वजन

ही घटना खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. मीसुद्धा असल्या गोष्टी वाचताना पहिल्याच ओळीला नाक मुरडते. पण ही माझ्या सख्ख्या मामाची गोष्ट आहे आणि माझा मामा थापा मारणाऱ्यातला नाही. थापा मारायलाही डोक्यात काहीतरी चालावं लागतं. मामाच्या डोक्यात फक्त नट-बोल्टचे पाने आहेत. दहा नंबरचा, बारा नंबरचा, चौदा नंबरचा.

वेळ सांगते. शनिवार. संध्याकाळचे पावणेपाच.

जागा, जुन्या रस्त्यावरचा बंद पडलेला पेट्रोल पंप. शहरापासून बरोब्बर वीस किलोमीटर.

आणि हो, लख्ख ऊन होतं. भुतं रात्री बारालाच हजेरी लावतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथंच थांबलेलं बरं.

आधी मामाबद्दल सांगायला हवं.

मामा आयुष्यभर एका कारखान्यात लेथवर होता. निवृत्त झाला आणि दुसऱ्या दिवसापासून घरामागच्या शेडमध्ये घुसला तो घुसलाच. त्याला एकच वेड. जुन्या, छोट्या जपानी मोटारसायकली. पन्नास सीसी, सत्तर, नव्वद, फार तर शंभर. मोठ्या गाडीकडे तो ढुंकून बघत नाही. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या परसात गंजत पडलेली गाडी आणायची, तिचा स्क्रू न् स्क्रू सुटा करायचा आणि चार-सहा महिन्यांनी शोरूममधून आल्यासारखी करून द्यायची. गल्लीत सगळे त्याला जपानी मामा म्हणतात.

मामी म्हणते, "ह्यांना पोरांचे वाढदिवस विचारा, ब्रह्मांड आठवेल. पण कुठल्या सालच्या गाडीला कुठला बोल्ट, ते झोपेत सांगतील."

मामाचा एक नियम होता. इंजिन नव्याने बांधलं की पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना नवखे असतात. त्यांना सवय होईपर्यंत पहिले पाचशे किलोमीटर गाडी सांभाळून चालवायची. तीस-पस्तीसच्या वर न्यायची नाही. मध्ये थांबून इंजिन गार होऊ द्यायचं. यालाच रनिंग-इन म्हणतात. हे पाचशे किलोमीटर मामा स्वतः चालवतो, गिऱ्हाइकाच्या हातात गाडी देत नाही. आणि तेवढ्या दिवसांत मागच्या सीटवर कुणालाही बसवत नाही.

कुणालाही म्हणजे मामीलाही.

"मी काय सिमेंटचं पोतं आहे?" मामी एकदा चिडून म्हणाली होती.

"पोतं निदान 'जरा पळवा की' असं म्हणत नाही," मामा म्हणाला.

त्या दिवशी त्याला स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यावं लागलं.

तर एक दिवस शेडसमोर टेम्पो थांबला. टेम्पोत ताडपत्रीखाली एक गाडी आणि गाडीशेजारी उभे एक म्हातारे गृहस्थ. सत्तरी ओलांडलेले, हाडकुळे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. एका दवाखान्यात चाळीस वर्षं औषधं बांधून देण्यात गेली, म्हणून सगळे त्यांना कंपाउंडरकाकाच म्हणत.

मामाने ताडपत्री ओढली आणि त्याच्या तोंडाला पाणीच सुटलं.

निळी टाकी. नव्वद सीसी, टू-स्ट्रोक. गंज चढलेला, रबरं तडकलेली, पण एकही भाग बदललेला नाही. मीटरवर आकडा होता तीनशे सव्वीस.

"मीटर बदललंय का काका?"

"नाही. तेवढीच चाललीये."

"आणि मग?"

"मग उभी होती. बेचाळीस वर्षं."

मामाने का म्हणून विचारलं. काकांनी न ऐकल्यासारखं केलं.

"नीट होईल?" त्यांनी विचारलं.

"न व्हायला काय झालं? नीट नाही झाली तर नाव बदलीन."

"दोघांना ओढलं पाहिजे हिने."

"काकूंना फिरवायचंय वाटतं!" मामा हसला.

"मी लग्न केलं नाही."

मामाने जीभ चावली. काका मात्र गाडीकडेच बघत होते. मागच्या सीटवरची धूळ त्यांनी हाताने पुसली. पुढच्या सीटला हात लावला नाही.

"जरा लवकर कर बाबा," जाताना ते म्हणाले. "माझ्या छातीत बिघाड आहे. तो तुझ्या पान्याने सुटण्यातला नाही."

कामाला चार महिने लागले. पिस्टन सिलिंडरमध्ये असा चिकटून बसला होता की मामाने नऊ दिवस त्यात ऑइल ओतून ठेवलं आणि रोज लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकत राहिला. टाकी उघडली तर आत निम्म्याच्या वर पेट्रोल होतं. वार्निशसारखं घट्ट झालेलं, डोळ्यांत पाणी आणणारं.

मामाला तेव्हाच चमत्कारिक वाटलं. टाकी भरून घेतलेली गाडी कुणी लगेच उभी करून ठेवतं का?

काकांना दोघांची सोय हवी होती, म्हणून मामाने मागे चांगल्या कडक स्प्रिंगा टाकल्या. मडगार्ड आतून-बाहेरून रंगवलं. मग पन्नास-पन्नास किलोची दोन पोती मागच्या सीटवर बांधली आणि स्वतः पुढे बसून खड्ड्यातून गाडी ढकलत नेली. टायर मडगार्डला कुठंही घासलं नाही. मामा खूश.

"पोत्यांना बसवता," मामी दारातून म्हणाली. "मला नाही."

"इंजिन कुठं चालू आहे अगं?"

इंजिन चालू झालं ते एका सोमवारी सकाळी. तिसऱ्या किकला. मागून निळसर धूर आणि तो छोट्या टू-स्ट्रोकचा खणखणीत आवाज. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे, असं तो म्हणतो.

त्याच दुपारी तो रनिंग-इनला बाहेर पडला.

रनिंग-इनसाठी त्याचा रस्ता ठरलेला होता. हायवे झाल्यापासून जुन्या रस्त्याला कुणी कुत्रं विचारत नाही. वीस किलोमीटर जायचं, बंद पेट्रोल पंपाच्या छपराखाली पंधरा मिनिटं गाडी गार करायची आणि परत यायचं. इतकी वर्षं, इतक्या गाड्या त्याने याच रस्त्यावर चालवल्या होत्या. त्या पंपावर बसून त्याने डबे खाल्ले होते, डुलक्या काढल्या होत्या. कधी काही झालं नव्हतं.

जाताना गाडी लोण्यासारखी गेली.

पंपावर त्याने ती स्टँडवर लावली. सिमेंटच्या ओट्यावर बसून पाणी प्यायला. इंजिन गार झाल्यावर किक मारली, निघाला.

आणि शंभर एक पावलं गेल्यावर...

गाडी जड झाली.

इंजिनाचा आवाज बदलला. दोघं बसल्यावर नव्वद सीसीची गाडी कशी कण्हते, तशी ती कण्हायला लागली. मामाला वाटलं, ब्रेक धरतोय. थांबून चाक फिरवून बघितलं. चाक मोकळं. चेन बघितली, क्लच बघितला. सगळं ठीक. पुन्हा बसला, पुन्हा तेच.

शहरात शिरल्यावर चौक लागतो. डावीकडे मामाचं घर, उजवीकडे जुनी वस्ती. मामा डावीकडे वळला आणि गाडी हलकी झाली. एकदम. हातातलं ओझं कुणीतरी काढून घ्यावं तशी.

घरी येऊन त्याने कार्ब्युरेटर उघडला. काही नाही.

मंगळवारी पुन्हा तेच. जाताना ठीक, पंपावरून निघालं की जड, चौकात हलकी. बुधवारी तो मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने गेला. चाळीस किलोमीटर फिरला. गाडी एकदाही कुरकुरली नाही.

गुरुवारी पुन्हा जुना रस्ता. या वेळी पंपावर बसून त्याने गाडीवरची नजर हलवली नाही. काही झालं नाही. पंधरा मिनिटं. वारा नाही, रस्त्यावर दुसरी गाडी नाही, माणूस नाही. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आजूबाजूच्या झाडांवर एवढी कबुतरं असताना पंपाच्या छपरावर एकही बसलेलं नाही. कधीच नसतं.

तो उठला. गाडीपाशी गेला.

मागच्या सीटवर बसणाऱ्याला पाय ठेवायला दोन फुटरेस्ट असतात, घडी घालून वर करता येणारे. मामाने ते सकाळी स्वतः वर केले होते. नव्या स्प्रिंगा होत्या, आपोआप पडण्यातले नव्हते.

ते दोन्ही...

खाली होते.

मामाने ते वर केले. घाम पुसला. किक मारली. चौकात पोचल्यावर मान वळवून बघितलं. पुन्हा खाली.

"मग तुला भीती नाही वाटली?" मी नंतर विचारलं होतं.

"वाटली ना. पण आधी वाटलं, स्प्रिंग ढिली असेल."

असा आमचा मामा.

भीती खरी बसली ती शुक्रवारी. तो घरी आला तर मामी दारातच कमरेवर हात ठेवून उभी.

"कोण होतं ते?"

"कोण?"

"साळसूदपणाचा आव आणू नका. मी चौकात भाजी घेत होते. तुम्ही समोरून आलात. मागे कोण बसलं होतं?"

मामाने मागच्या सीटकडे बघितलं.

"मला म्हणता पाचशे किलोमीटर कुणी बसायचं नाही. आणि लोकांना फिरवता! असा खांद्यावर हात ठेवून बसला होता. मध्ये बस आली. बस गेली तर तुम्ही एकटे. कुठं उतरवलंत एवढ्यात?"

मामा तिथंच पायरीवर मटकन बसला. मग मामीही त्याच्याशेजारी बसली. कारण तिला माहीत होतं, हा माणूस सोंग करणाऱ्यातला नाही.

त्यानंतर त्याला चैन पडेना. गाडी पुन्हा सगळी खोलली, पुन्हा बांधली. जेवताना उठून शेडमध्ये जाऊन बघून यायचा. दोनदा काकांच्या घरापर्यंत जाऊन परत आला. काय सांगणार? तुमच्या गाडीवर कुणीतरी बसतं म्हणून?

शेवटी पुढच्या शुक्रवारी तो गाडी घेऊनच गेला. चौकातून उजवीकडे, जुन्या वस्तीत, शेवटचं घर. दोन खोल्या आणि समोर लोखंडी फाटक. काकांनी चहा टाकला. मामाने सगळं सांगितलं. पंप, वजन, फुटरेस्ट, मामीने बघितलेलं.

काका चहा गाळत होते. गाळणी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"खांद्यावर हात... कुठल्या?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"उजव्या की डाव्या खांद्यावर?"

"उजव्या, म्हणाली."

काका खाली बसले. "उजव्याच ठेवायचा," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं आणि सांगताना एकदाही मामाकडे बघितलं नाही.

गाडी नवी होती. घेऊन महिना झाला नव्हता. काकांना एक धाकटा भाऊ होता, एकोणीस वर्षांचा. आईवडील नव्हते, हे दोघंच. एका दुपारी दोघं फिरायला निघाले. त्या पंपावर पेट्रोल भरायला थांबले. पेट्रोल भरताना मागचा माणूस उतरतो, तसा धाकटा उतरला. टाकी भरली. काकांनी किक मारली आणि निघाले.

धाकटा मागे बसलाच नव्हता.

"होतं असं," मामा म्हणाला. "मी एकदा सासूला सोडून आलो होतो पंपावर."

"होतं," काका म्हणाले. "मी अकरा किलोमीटर त्याच्याशी बोलत गेलो. रेल्वेचं फाटक लागलं, गाडी थांबवली, तेव्हा कळलं. मला हसूच आवरेना. तिथं टपरी होती. म्हटलं, बसू दे जरा चरफडत. मी चहा घेतला. मग आणखी एक घेतला."

त्यांनी उरलेला चहा गाळून कप मामापुढे ठेवला.

"परत गेलो तेव्हा पाऊण तास झाला होता. तो नव्हता. पंपावरचा माणूस म्हणाला, गाडीमागे हाका मारत पळाला तो. मग परत आला आणि इथंच ओट्यावर बसला. नंतर बघितलं तर नाही."

"मग?"

"मग काय? पोलीस झाले, दवाखाने झाले, नदी झाली. बेचाळीस वर्षं झाली."

मामाने चहा तसाच ठेवला.

"म्हणून गाडी नीट करून घेतली," काका म्हणाले. "तो तिथंच थांबलेला असणार, हे मला आधीपासून ठाऊक होतं. मी सोडलं तिथंच तो थांबणार. हट्टी होता. मला त्याला घरी आणायचंय."

"काका, अजून तीनशे किलोमीटर राहिलेत. इंजिन अजून..."

"माझ्याकडे तेवढे किलोमीटर नाहीत रे."



मामाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. ठरलं असं, की जाताना मामा चालवेल आणि काका मागे बसतील. येताना काका चालवतील आणि मामा मध्ये थोडी जागा सोडून मागे बसेल, लक्ष ठेवेल. काकांनी त्याच संध्याकाळी फाटकासमोर गाडी चालवून दाखवली. बेचाळीस वर्षांनी, पण हात विसरला नव्हता.

तो शनिवार.

पावणेपाचला दोघं पंपावर पोचले. दोघंही उतरले. काका ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. हाक मारली नाही. फक्त ओट्यावर तळहात ठेवून उभे राहिले, एखाद्याच्या पाठीवर ठेवावा तसा.

मग म्हणाले, "चल."

ते पुढे बसले. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. मामाने हेल्मेट ओट्यावर ठेवलं होतं, ते घ्यायला तो वळला. चार पावलं. फार तर पाच.

मागून गिअर टाकल्याचा आवाज आला.

मामा वळला तर...

गाडी निघाली होती.

"काका! ओ काका!"

काकांनी वळून बघितलं नाही. त्यांना वाटलं होतं की मामा बसला. का वाटलं, ते मामाला दिसत होतं. गाडीचा मागचा भाग दबलेला होता. दोघं बसल्यावर दबतो तसा नव्हे. पार खाली. टायर मडगार्डला टेकलेलं, रबर घासल्याचा आवाज येत होता. सीट रिकामी. आणि काका मान जराशी मागे करून काहीतरी बोलत होते. हसत होते.

मामा धावला. साठीचा माणूस, हातात हेल्मेट, हाका मारत धावला. आपण कुणासारखे धावतोय, हे मध्येच त्याच्या डोक्यात आलं आणि त्याचे पाय जागच्या जागी थांबले.

आवाज लांब गेला. मग तोही गेला.

मामा सांगतो, त्यानंतर तो पंप जितका रिकामा वाटला, तितकी रिकामी जागा त्याने कधी बघितली नाही. इतकी वर्षं तिथं तो एकटाच बसायचा, पण एकटं असं वाटायचं नाही. आता वाटलं. तो छपराखाली उभा असतानाच वर फडफड झाली. कबुतरं येऊन बसली. दोन, पाच, मग सगळं छप्पर भरून.

तो चालत निघाला. पाच किलोमीटरनंतर एक ट्रक मिळाला. काकांच्या फाटकाशी पोचला तेव्हा नुकताच अंधार पडत होता.

गाडी फाटकाजवळ स्टँडवर होती. इंजिन अजून गरम होतं. घराचं दार उघडं, आत दिवा लागलेला. काका नुकते दाराशी पोचले होते, ते मामाला बघून जागीच थिजले.

"तू... बाहेर कसा?"

"म्हणजे?"

"अरे, तू आत गेलास ना! गाडी रखडत रखडत आली, आत्ताच फाटकाशी उतरलास. मी गाडी स्टँडला लावत होतो. तुझी पावलं ऐकली मी. आत माठावरचं भांडं वाजलं. म्हटलं, पाणी पितोय."

"काका, मी पंपावर राहिलो. तुम्ही मला सोडून आलात."

आणि तेवढ्यात आत...

माठावरचं भांडं पुन्हा वाजलं.

काकांचा चेहरा कसा झाला ते मामाला सांगता येत नाही. एवढंच म्हणतो की सत्तर वर्षांचा माणूस एकोणीस-वीसचा दिसला. "आला," ते म्हणाले. "आला रे तो!" आणि मामाचे दोन्ही हात धरून रडायलाच लागले. मग लगबगीने आत गेले आणि दार लोटलं.

मामा परत निघाला. निघता निघता सवयीने गाडीकडे वाकून बघितलं.

मागच्या मडगार्डचा आतला रंग गेला होता. पार पत्रा दिसत होता आणि पत्र्यावर रबराचे काळे पट्टे. या मडगार्डला शंभर किलोची पोती बांधून टायर टेकलं नव्हतं. एकोणीस वर्षांचा एक मुलगा... त्याचं वजन असून असून किती असणार?

मामा फाटकाशी पाच मिनिटं उभा होता. दार ठोठावायला हात वर केला. आतून काकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, भरभर, आनंदाने. बेचाळीस वर्षांचं साठलेलं.

त्याने हात खाली घेतला आणि घरी आला.

तीन दिवस काकांचा निरोप नाही. चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजता मामा आणि मामी दोघं गेले. गाडी तिथंच होती. दार बंद, खिडक्या बंद. मामीने कडी वाजवली.

दार बोटभर उघडलं. काका बाहेर आले आणि दार आपल्या मागे ओढून घेतलं. चार दिवसांत माणूस अर्धा झाला होता. शर्टाच्या गुंड्या चुकीच्या लागलेल्या. ते फाटकापर्यंत आले, मामाच्या अगदी जवळ उभे राहिले आणि कुजबुजले,

"एक माझा भाऊ आहे. ते मी ओळखलं. आल्या आल्या खिडकीपाशी जाऊन बसला, त्याची जागा तीच होती." त्यांनी मागे वळून दाराकडे बघितलं. "पण बाकीचे कोण आहेत रे?"

मामाची नजर गाडीच्या मडगार्डवर गेली.

"बाकीचे म्हणजे?" मामीने विचारलं. "किती जण आहेत?"

"मोजू देत नाहीत."

ऊन होतं. शेजारच्या घरात कुणीतरी कपडे आपटत होतं. मामीने काकांचा हात धरला.

"काका, चला आमच्याबरोबर. आत्ताच्या आत्ता. घर राहू द्या तसंच."

काकांनी हळूच हात सोडवून घेतला.

"आणि त्याला काय सांगू?" ते म्हणाले. "तो भिंतीला टेकून बसलाय. त्यांना घाबरतो. मी खोलीत असलो की जरा शांत असतो." मग म्हणाले, "एकदा सोडून गेलो होतो मी त्याला. पुन्हा नाही जाणार."

ते आत गेले. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज मामा आणि मामी दोघांनीही ऐकला.

याला आता दीड वर्ष झालं. काका अजून त्याच घरात आहेत. दुकानदार सामानाची पिशवी पायरीवर ठेवतो, ती उचलली जाते. एकट्या माणसाला लागेल त्यापेक्षा ते काही जास्त मागवत नाहीत. मामा दोनदा जाऊन आला. काकांनी आतूनच सांगितलं, "बरं आहे, जा तू."

मामा आता दुसऱ्या रस्त्याने रनिंग-इन करतो. त्याला भुतांचं काही वाटत नाही, असं तो म्हणतो. त्याला खातं ते वेगळंच. "मी मडगार्ड बघितलं होतं," तो म्हणतो. "एकाचं वजन नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. तेव्हाच दार ठोठावायला हवं होतं. तो माणूस इतका आनंदात होता गं, माझा हातच उचलेना."

मी त्याला म्हणते, तू सांगितलं असतंस तरी काका आतच गेले असते.

तो ऐकून घेतो. मग उठतो, शेडमध्ये जातो आणि कालच झालेलं एखादं काम पुन्हा उघडून बसतो.